पॉवर स्टिअरिंग काढायचं म्हणजे नेमकं काय काय काढायचं?

एका मित्राच्या मॉडिफाइड गाडीचं स्टिअरिंग मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा गाडी उभी होती आणि पुढची चाकं थोडी डावीकडे वळलेली होती. ती सरळ करायला मला सीटवरून पाठ उचलून जोर लावावा लागला. आधी स्टिअरिंग दोन बोटं नुसतंच फिरलं, मग एकदम जड लागलं आणि मग कुठे चाकं हलली. गाडी चालायला लागल्यावर जडपणा बराच कमी झाला, पण दुसरीच गोष्ट खटकायला लागली. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातल्या हातात सरकत आपोआप सरळ व्हायला हवं. ते होत नव्हतं. चिखलात रुतलेली काठी ओढून काढावी तसं ते दर वळणानंतर ओढून सरळ करावं लागत होतं.

मित्राने बेल्ट काढला होता, पंप काढला होता आणि स्टिअरिंग रॅककडे जाणाऱ्या दोन पाइपांची तोंडं एकमेकांना जोडून टाकली होती. एवढं झाल्यावर पॉवर स्टिअरिंग निघालं, अशी त्याची समजूत होती. खरं तर त्याने फक्त मदतीचा हात काढून घेतला होता. त्या मदतीच्या भरवशावर बांधलेली बाकीची सगळी रचना जागच्या जागी होती.

मॉडिफिकेशनच्या नादात ही गोष्ट फार वेळा घडते, म्हणून हा लेख. मदत बंद पडलेलं पॉवर स्टिअरिंग आणि मुळातलं मॅन्युअल स्टिअरिंग या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. पहिलीची दुसरी करता येते आणि योग्य गाडीत ती फार सुंदर होते. पण त्यासाठी स्टिअरिंग नव्याने बांधावं लागतं.

रॅकच्या आत

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक असतं. ते रॅक नावाच्या आडव्या दातेरी दांड्यात अडकलेलं असतं. पिनियन फिरलं की रॅक डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांचे टाय-रॉड चाकांना वळवतात. मॅन्युअल स्टिअरिंग एवढंच असतं.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये यात तीन गोष्टी वाढतात. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा आणि तेलाला दाब देणारा पंप ही पहिली. रॅकच्या दांड्यावर बसवलेला पिस्टन ही दुसरी. त्याच्याभोवती रॅकचं नळकांडं सिलिंडरसारखं काम करतं. तिसरी गोष्ट म्हणजे पिनियनच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह समजला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

स्टिअरिंगकडून खाली येणारा दांडा आणि पिनियन हे अशा रॅकमध्ये एकसंध नसतात. दोघांना जोडणारी साधारण पेन्सिलीच्या जाडीची एक पोलादी कांडी मध्ये असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग वळवता, टायर जमिनीला धरून विरोध करतात आणि या दोन ओढींमध्ये बार किंचित पिळला जातो. या पिळामुळे व्हॉल्व्हच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांवरच्या खाचा एकमेकींवरून सरकतात. मग दाबाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं आणि दुसऱ्या बाजूचं तेल टाकीकडे परतीची वाट धरतं. चाकं वळली की पीळ सुटतो आणि तेल पुन्हा दोन्हीकडे सारखं होतं. म्हणजे किती मदत द्यायची हे त्या कांडीच्या पिळावर ठरतं. इतक्या साध्या कल्पनेवर इतकी वर्षं कोट्यवधी गाड्या वळल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने 1920च्या दशकात हायड्रॉलिक स्टिअरिंग बनवून दाखवलं होतं, पण विक्रीच्या मोटारीत ते यायला 1951 साल उजाडलं. ती मोटार होती क्रायस्लरची इम्पीरियल.

बार किती पिळावा यालाही मर्यादा घातलेली असते. काही अंशांनंतर वरचा दांडा आणि पिनियन थेट एकमेकांना अडतात आणि तिथून पुढे सगळा जोर धातूवरून धातूकडे जातो. पंप बंद पडला तरी गाडी वळते ती या सोयीमुळे. ही सोय अडचणीच्या वेळी गाडी कडेला घेण्यासाठी ठेवलेली आहे, रोज त्यावर गाडी चालवण्यासाठी नाही. मित्राच्या गाडीत मला जाणवलेली ती दोन बोटांची मोकळीक म्हणजे बार पिळून त्या अडथळ्यापर्यंत पोचण्याचं अंतर होतं. पंप चालू असताना एवढा पीळ पडायच्या आतच तेल कामाला लागतं, त्यामुळे ते अंतर कधी हाताला लागत नाही.

आता पिस्टन बघा. त्याच्याभोवती टेफ्लॉनची कडी असते. ती नळकांड्याला घट्ट चिकटून तेल इकडून तिकडे जाऊ देत नाही. पंप काढून दोन पाइप एकमेकांना जोडले की ते आतलं तेल कुठेच जात नाही. स्टिअरिंग वळवलं की पिस्टन एका बाजूचं तेल ढकलतो आणि ते बारीक पाइपांतून फिरून दुसऱ्या बाजूला येतं. म्हणजे जो पंप इंजिन चालवत होतं, तो आता तुम्ही दंडांनी चालवताय. जितकं जोरात वळवाल तितका विरोध जास्त. स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला टायर जो जोर लावतात, तोही याच तेलाला ढकलण्यात खर्च होतो. चिखलातली काठी ती हीच.

मग तेल पूर्ण काढून टाकलं तर? विरोध कमी होतो हे खरं. पण तेल त्या नळकांड्यात वंगणही होतं. रॅकच्या टोकाचा बुश (दांड्याला आधार देणारी कडी) आणि तेल अडवणारी आतली सीलं त्यावरच ओली राहायची. तेल गेलं की सीलं कोरडी घासायला लागतात आणि कालांतराने आत गंज धरतो.

जडपणा येतो कुठून

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच मॉडिफाइड गाडीचं गणित उलटं पडतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना टायरचा जमिनीला टेकलेला सगळा तुकडा जागेवरच घासत फिरवावा लागतो. गाडी चालू लागली की टायर फिरता फिरता वळतो आणि लागणारा जोर झपाट्याने उतरतो. पॉवर स्टिअरिंगची खरी गरज पार्किंगला भासते ती म्हणून. वेगात जो जोर हाताला जाणवतो तो बराचसा कॅस्टरमुळे, म्हणजे चाकाच्या वळणाच्या अक्षाच्या तिरपेपणामुळे. ज्या तिरप्या अक्षाभोवती चाक वळतं, तो अक्ष खाली जमिनीला टायरच्या थोडा पुढे टेकतो. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. त्यामुळे टायर त्या बिंदूच्या मागे फरफटत राहतो आणि सरळ होऊ पाहतो. कॅस्टर जितका जास्त तितकी गाडी सरळ रेषेत ठाम आणि स्टिअरिंग तितकं जड. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीला कंपनी बिनधास्त जास्त कॅस्टर देऊ शकते, कारण तो जडपणा पंप झाकून टाकतो.

आता एक हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण वास्तवाच्या जवळचे आहेत. उभ्या गाडीत चाकं वळवायला रॅकवर 300 किलोंचा जोर लागतो असं समजा. स्टिअरिंग 370 मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात हात सुमारे 1,160 मिलिमीटर फिरतो. त्याच फेऱ्यात रॅक 48 मिलिमीटर सरकतो. हाताचा जोर 24 पट होतो. 300ला 24ने भागलं की हाताला साडेबारा किलो येतात आणि घर्षण त्यात अजून धरलेलंच नाही.

याच गाडीत 330 मिलिमीटरचं छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग लावलं की तेच काम जवळपास 14 किलोंवर जातं. उलट मूळ आकाराचं स्टिअरिंग ठेवून मॅन्युअल रॅक बसवला, जो एका फेऱ्यात 40च मिलिमीटर सरकतो, तर हाताला सव्वादहा किलो लागतात. त्या बदल्यात हात जास्त फिरवावे लागतात. कंपन्या नेमकं हेच करत आल्या. माझदाच्या एमएक्स-5ची पहिली पिढी 1989 साली आली तेव्हा तिच्यात दोन्ही प्रकारचे रॅक मिळत. मॅन्युअल रॅकचं प्रमाण सुमारे 18:1 होतं (चाकं 1 अंश वळवायला स्टिअरिंग 18 अंश फिरवायचं), पॉवरचं सुमारे 15:1. म्हणजे पॉवर रॅक आधीच जलद असतो, कारण जोराची चिंता पंपावर सोपवलेली असते. पंप काढून तोच रॅक ठेवला तर जलद रॅकचा सगळा भार तुमच्या हातांवर येतो.

आणि मॉडिफाइड गाडीत आपण काय काय केलेलं असतं? रुंद आणि चिकट टायर. वाढवलेला कॅस्टर. छोटं स्टिअरिंग. चाकं बाहेर आणणारे स्पेसर. स्पेसरने वळणाचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं आडवं अंतर वाढतं, मग खड्ड्याचा प्रत्येक फटका तितक्या लांब तरफेने हातापर्यंत पोचतो. यातली एकेक गोष्ट स्टिअरिंग जड करणारी आहे. पंप काढण्याआधी या यादीवरून एकदा नजर फिरवा. यादीतल्या निम्म्या गोष्टी बदलायची तयारी नसेल तर पंप राहू द्या, असं मी मनापासून सांगेन.

पंप किती जोर देत होता हेही बघण्यासारखं आहे. 40 मिलिमीटरचं नळकांडं आणि 24 मिलिमीटरचा दांडा धरला तर पिस्टनवर तेलाला ढकलायला सुमारे 8 चौरस सेंटिमीटर जागा उरते. 80 बार (हे दाबाचं एकक) दाब म्हणजे तिथे साडेसहाशे किलोंच्या आसपास जोर. पंपासोबत तुम्ही एवढी ताकद बाजूला काढून ठेवता आहात.

मग लोक काढतात कशासाठी

ताकद वाचते म्हणून काढत असाल तर निराश व्हाल. सरळ चालताना पंप इंजिनकडून फारच थोडी ताकद घेतो, पूर्ण वळवून धरल्यावर तेवढी ओढ वाढते. पंप, ब्रॅकेट, टाकी, पाइप आणि तेल मिळून काही किलो वजन कमी होतं, तेही अगदी पुढच्या टोकाचं, म्हणून थोडं उपयोगाचं. पण निव्वळ यासाठी एवढा खटाटोप करू नये.

खरी कारणं वेगळी असतात. दुसरं इंजिन बसवलं की बहुतेक वेळा पंपाला जागाच उरत नाही, किंवा टर्बोचा पाइप नेमका तिथूनच न्यावा लागतो. ट्रॅकवर सतत वळणं घेताना तेल तापून टाकीच्या झाकणातून बाहेर येतं. दाबाचा पाइप जुना असेल आणि त्याखाली तापलेला एक्झॉस्ट असेल तर गळलेल्या तेलाने आग लागू शकते. हे कारण मी सगळ्यांत वर ठेवेन.

आणि मग हाताला मिळणारी जाणीव. चांगल्या मॅन्युअल स्टिअरिंगमध्ये पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं होतं. ती बातमी गाडी घसरायच्या आधी हातात येते. लोटसची एलिस 1996मध्ये आली तेव्हा वजनाने इतकी हलकी होती की तिला मदतीची गरजच नव्हती. फेरारी एफ40 आणि मॅक्लारेन एफ1 यांच्यातही पॉवर स्टिअरिंग नव्हतं. या गाड्यांत एक साम्य आहे: इंजिन मागच्या चाकांच्या बाजूला आहे आणि पुढच्या चाकांवर भार कमी आहे. नावं ऐकून हुरळून जाण्याआधी आपल्या गाडीचं इंजिन कुठे आहे ते आठवावं. रेसिंगमध्येही यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींच्या गाड्या पॉवर स्टिअरिंगशिवाय धावतात, फॉर्म्युला वनच्या गाड्यांत ते असतं.

हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, ट्रॅकसाठी ठेवलेली गाडी असेल तर जरूर विचार करा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारा गिअर) असेल, तर नको. अशा गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग स्वतःच इकडेतिकडे ओढतं आणि ते धरून ठेवायला मदत लागतेच. ड्रिफ्टिंगसाठीही, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवण्यासाठीही नको. तिथे स्टिअरिंग निमिषात या टोकाचं त्या टोकाला जावं लागतं, आणि मॅन्युअल रॅकने ते जमवताना हात कमी पडतात. घरात एकच गाडी असेल आणि ती वेगवेगळी माणसं चालवत असतील, तर या लेखाचा पुढचा भाग फक्त माहिती म्हणून वाचा.

कसं करायचं

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचा मूळ मॅन्युअल रॅक मिळवणं. त्यात पिस्टन नसतो, टॉर्शन बार नसतो, दात्यांचं प्रमाण माणसाच्या हाताला धरून ठरवलेलं असतं. काही मॉडेलमध्ये तो जवळजवळ जसाच्या तसा बसतो, काहींमध्ये दांड्याचा जोड वेगळा असतो. असा रॅक मिळत असेल तर पुढचे सगळे पर्याय बाजूला ठेवा.

तो मिळत नसेल तर आहे तो पॉवर रॅक आतून मोकळा करता येतो. असा एक रॅक मी स्वतः बाकावर खोलला आहे. टाय-रॉड आणि रबरी बूट निघाले, पिनियन वर आलं, मग शेवटचा बुश काढून रॅकचा लांब दांडा बाहेर ओढला. मध्यावर बोटाच्या पेराएवढा रुंद पिस्टन आणि त्याच्या खाचेत ती टेफ्लॉनची कडी. धारदार पात्याने कडी कापली आणि दांडा पुन्हा नळकांड्यात सरकवून बघितला. आधी दोन्ही हातांनी रेटावा लागणारा दांडा आता नळकांडं तिरकं धरलं की स्वतःच्या वजनाने सरकत होता. इतका फरक एका पातळ कडीचा होता.

त्यानंतर आतलं, दांड्याला घट्ट बसणारं सील काढायचं असतं. इथे एक चूक फार महाग पडते. सीलाच्या शेजारी जो बुश असतो तो कायमचा काढून टाकायचा नाही, परत बसवायचा. रॅकच्या त्या टोकाला दुसरा आधार नसतो. बुश गेला की दांडा डगमगतो आणि खडबडीत रस्त्यावर खडखडाट सुरू होतो. सील तेलासाठी असतं, बुश दांड्यासाठी. दोन्ही एकमेकांना चिकटून असल्यामुळे गडबड होते.

मग सगळं धुऊन, पुसून, दात्यांना आणि दांड्याला चांगलं ग्रीस भरायचं. मोलिब्डेनम मिसळलेलं लिथियम ग्रीस चालतं. तेल आता येणार नाही, तेव्हा हे ग्रीसच पुढची कित्येक वर्षं वंगण म्हणून राहणार आहे. रॅकच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेली एक गादी असते, ती रॅकला पिनियनवर टेकवून ठेवते. तिचा बोल्ट जास्त आवळला तर स्टिअरिंग सरळ व्हायला कंटाळतं, सैल ठेवला तर दाते वाजतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. कुठेही अडकता कामा नये. पाइपांची भोकं धूळ-पाणी जाणार नाही अशी बंद करायची. पण दोन्ही बाजूंच्या बुटांमधली हवा इकडून तिकडे जायला मूळ रचनेत वाट ठेवलेली असेल तर ती बुजवू नका. नाहीतर रॅक सरकताना एक बूट फुगतो, दुसरा आत ओढला जातो आणि काही दिवसांत फाटतो.

आता टॉर्शन बारचा प्रश्न. पिस्टन मोकळा झाला तरी ती दोन बोटांची लवचीकता शिल्लक राहते. ती घालवण्यासाठी वरचा दांडा आणि पिनियन वेल्डिंगने एक करायची पद्धत आहे. नीट केलं तर स्टिअरिंग खरोखर नेमकं होतं. पण पिनियन कठीण केलेल्या पोलादाचं असतं. चुकीच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊ शकतं, वाकडं होऊ शकतं, बेअरिंग आणि सीलं जळू शकतात. वेल्डिंग करायचंच तर सगळं सुटं करून, थंड होण्याचा वेळ देऊन, स्टिअरिंगचे भाग आधी केलेल्या माणसाकडूनच. आणि मधला बार कापून टाकू नये. वेल्ड तुटलं तर तो बार आणि तो धातूचा अडथळा हेच तुम्हाला कडेला आणतील. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी वेल्डिंग टाळेन. थोडी लवचीकता हाताला सवयीने चालते. ट्रॅकवर ती चालत नाही, हे मान्य.

तिसरा मार्ग म्हणजे मदत ठेवायची, पण इंजिनपासून तोडायची. विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप काही गाड्यांत मूळचाच असतो. टोयोटाच्या एमआर-एसमध्ये इंजिन मधोमध होतं, त्यामुळे पंप पुढे वेगळा ठेवून विजेवर चालवला होता. असा पंप मॉडिफाइड गाडीत बसवला की इंजिनजवळची जागा मोकळी होते आणि स्टिअरिंगही हलकं राहतं. मात्र जोर लावताना तो 50 अँपिअरच्या वर वीज ओढू शकतो, तेव्हा जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज हवाच. नवीन इंजिन बसवणाऱ्या कित्येकांना खरं तर हेच हवं असतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी हा पर्याय ठेवलेला नसतो.

बेल्ट, एअरबॅग आणि काही वायरी

काही गाड्यांत पंपाला वेगळा बेल्ट असतो, काहींत एकच लांब बेल्ट पंप, अल्टरनेटर, एसी आणि पाण्याचा पंप असे सगळे फिरवतो. दुसऱ्या प्रकारात पंप काढला की बेल्टची वाट बदलते. छोटा बेल्ट लावून काम भागतं असं वाटतं, पण पाण्याच्या पंपाच्या पुलीभोवती बेल्टचा विळखा कमी झाला तर तो तिथे घसरतो आणि इंजिन तापतं. अशा वेळी पंपाच्या जागी नुसती फिरणारी आयडलर पुली बसवून बेल्टची मूळ वाट राखणं बरं. पंप जागेवर ठेवून त्यातलं तेल तेवढं काढायचं, असं तर कधीच करू नये. कोरडा पंप आतून खरवडला जातो, जाम होतो आणि बेल्ट घेऊनच जातो.

पंपाच्या पाइपवर अनेकदा एक प्रेशर स्विच असतो. पूर्ण वळवल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंजिनच्या कॉम्प्युटरला आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग, वाढवायला सांगतो. त्याची वायर तोडून लोंबत ठेवू नका. टोक नीट झाकून बांधा.

रॅक काढण्यापूर्वी स्टिअरिंग सरळ करून लॉक करा. स्टिअरिंगच्या मागे एअरबॅगच्या वायरीची गुंडाळी असते. दांडा सुटल्यावर कुणी स्टिअरिंग गोल गोल फिरवलं तर ती तुटते, आणि हे पुष्कळदा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागल्यावरच कळतं. सोडण्याआधी दांड्याच्या जोडावर खूण करून ठेवा. गाडी नेहमीप्रमाणे स्टँडवर, फक्त जॅकवर नको. तेल काढताना भांडं खाली धरा. ते रंग खराब करतं आणि गटारात ओतायची वस्तू तर नाहीच.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर

1988मध्ये सुझुकीने सर्वो या छोट्या गाडीत विजेवरचं स्टिअरिंग आणलं आणि आता बहुतेक नव्या गाड्यांत तेच असतं. इथे तेल नाही, पंप नाही. मोटर दातेरी चाकांमधून थेट दांड्याला किंवा रॅकला मदत करते. फ्यूज काढला की झालं, असा सल्ला ऐकू येतो. तसं केल्यावर तुम्हाला चाकांसोबत ती मेलेली मोटर आणि तिचे गिअरही फिरवावे लागतात. शिवाय स्टिअरिंग किती वळलं आहे ही माहिती त्या यंत्रणेतूनच गाडीच्या घसरण रोखणाऱ्या प्रणालीला मिळत असेल, तर तीही बंद पडते. पार्किंगची आणि लेनची मदत तर गेलीच. अशा गाडीत हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमांचं एक उदाहरण सांगतो, कारण त्यातून किती जड म्हणजे फार जड, याचा अंदाज येतो. संयुक्त राष्ट्रांचा स्टिअरिंगविषयीचा नियम क्रमांक 79 प्रवासी मोटारीची कसोटी अशी घेतो: ताशी 10 किलोमीटर वेगाने सरळ जाताना 4 सेकंदांत 12 मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, आणि हाताला साधारण 15 किलोंपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. मदत बंद पडलेली असेल तर 20 मीटरच्या वळणासाठी 30 किलोंपर्यंत सूट आहे. म्हणजे ती 30 किलोंची मुभा बिघाडासाठी आहे. काम झाल्यावर स्टिअरिंगच्या कडेला साधा ताणकाटा अडकवून मोकळ्या मैदानात, अगदी हळू वेगात मोजून बघा. 15च्या वर आकडा येत असेल तर काम अपुरं आहे. तुमच्या भागात स्टिअरिंगमध्ये असा बदल मान्य आहे का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे मात्र पाना हातात घेण्यापूर्वी विचारून घ्या.

पहिले काही दिवस

टाय-रॉड सुटले असतील तर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. तेव्हाच कॅस्टर थोडा कमी करून बघता येतो, अर्थात सरळ रेषेतला ठामपणा थोडा जाईल हे धरून. टायरमधली हवा कमी नको. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवायची सवय सोडायची. आधी गाडी वीतभर हलू द्यायची, मग वळवायचं. अंगठे स्टिअरिंगच्या आडव्या दांड्यांत अडकवून धरत असाल तर ते बाहेर ठेवायला शिका, कारण खड्ड्याचा जो झटका आधी तेल गिळत होतं तो आता सरळ हातात येणार.

आणि रॅकचे, टाय-रॉडचे, दांड्याच्या जोडाचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. शंभरेक किलोमीटर झाले की टॉर्च घेऊन गाडीखाली जा. रेघ सलग दिसली तर ठीक. कुठे एक केसभर जरी तुटलेली दिसली, तर गाडी तिथून हलवू नका.